शून्य उत्तरं

ताईचं नाव या घरात घ्यायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. मी बारा वर्षांची असताना बाबांनी हा नियम घातला. नोकरीसाठी परगावी जाऊ दिलं नाही म्हणून ती भांडून निघून गेली, एवढंच मला सांगितलं. मी तेव्हा शाळेच्या सहलीला गेले होते. परतले तर मागच्या खोलीचं दार विटांनी बुजवलेलं. "ओल येत होती," काका म्हणाले. माझी खोली त्या भिंतीला लागूनच.

आज दुपारी मी कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ब्राउझर उघडायचाच नाही. काळ्या खिडकीत नाव टाइप करायचं, ती वेबवर शोधते, चित्रं-जाहिराती गाळते आणि सापडेल ते साध्या ओळींत दाखवते. दर मिनिटाला पुन्हा शोधते. आधी माझं नाव टाकलं. कॉलेजचा निकाल आला. मग हात शिवशिवले. ताईचं टाकलं.

एकच ओळ आली. कुठल्याशा प्रश्नोत्तरांच्या साइटवर तिच्या नावानं विचारलेला प्रश्न.

*कडी बाहेरून असेल तर दार आतून कसं उघडायचं? उत्तरं: ०*

तारीख सात वर्षांपूर्वीची, माझ्या सहलीतली. तेच ब्राउझरमध्ये शोधलं, तर काहीच नाही. आणि काळ्या खिडकीत तोवर दुसरी ओळ उतरली होती.

*भिंत चाटली तर तहान भागते का? उत्तरं: ०*

बाहेर रखरखीत ऊन होतं. खोलीत मात्र ओल्या चुन्याचा वास यायला लागला. तिसरी ओळ...

*बाबा दाराशी येऊन रोज 'माफी माग' म्हणतात. आवाजच फुटत नसेल तर माफी कशी मागायची? उत्तरं: ०*

मी बाबांना, काकांना, आत्याला हाका मारून बोलावलं. तिघांनीही वाचलं.

"कुणीतरी चेष्टा करतंय," काका म्हणाले.

"चेष्टा आहे ना? मग घाम कसला पुसताय?"

आत्या पुटपुटली, "दादा, तू तर दोनच दिवस म्हणाला होतास..."

"तू गप्प बस!" बाबा खेकसले. मग माझ्याकडे वळून आवाज एकदम मऊ केला. "बाळा, तुला यातलं कळतं ना... तिला उत्तर लिही. म्हणावं, सगळे झोपलेत. आता तूही झोप."

सात वर्षांनी ते पहिल्यांदा तिच्याबद्दल बोलत होते, तेही तिला निजवायला.

मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"मी नाही लिहिणार. तुम्ही लिहा, बाबा. स्वतःच्या नावानं. कडी कुणी लावली तेही लिहा."

"अगं, पण आता त्याचा काय..."

"नाही म्हणजे नाही. आणि हे बंदही करणार नाही."

बाबांनी काकांकडे पाहिलं, काकांनी आत्याकडे. कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना. भिंतीपलीकडेही काही हललं नाही.

मिनिट भरलं. नवी ओळ उतरली. तारीख आजची.

*बाहेर सगळे एकदम गप्प का झाले?*