पोंभुर्ण्याच्या तलावातला हेकरू

गुप्तहेर तेंडोलकर पोहोचले, पण अर्धा दिवस उशिरा.

सागाच्या चोरट्या तोडीच्या खटल्यातल्या ज्या साक्षीदाराला सांभाळून चांद्याच्या कोर्टात न्यायचं होतं, तो लच्छू धिवर तलावाच्या पाळीवर धोतराखाली झाकलेला होता. डोक्यामागे खोल जखम. शेजारच्या टोपलीत एकच मासा. भोवती तीसएक माणसं उभी होती. तेंडोलकरांसोबत आलेले डॉक्टर मोघे जखम पाहायला वाकले.

"मासा धरला अन् पाय घसरला," लाकडाचे ठेकेदार गुणवंतराव म्हणाले. "मी पलीकडून पाह्यलं. मासा टोपलीत फडफडून राह्यला होता."

"आमच्या तलावात असा मासा नाई," लच्छूची बायको शकुबाई म्हणाली. "अन् जाळं तं फाटून घरी पडलं आहे."

तेंडोलकरांनी मासा उचलला. काठीसारखा ताठ, डोळे पांढरे. अंगभर मधाच्या पोळ्यासारखे तपकिरी ठिपके, शेपटी गोल. मोघ्यांना दवाखान्याचा वास आला.

औषधात ठेवलेले प्राणी गावात फक्त शाळेत होते. तिथे इसरू मास्तरांनी त्यांचं कपाट दाखवलं. एक काचेची बरणी रिकामी होती.

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे. दुसरी समितीच्या अध्यक्षांकडे. गुणवंतरावांकडे."

बरण्यांच्या वहीत मास्तरांच्याच अक्षरात नोंद होती : 'हेकरू. खाऱ्या पाण्यातला. प्रवाळाच्या खडकांत राहतो.'

"मास्तरच!" मोघे बाहेर येताच कुजबुजले.

तेंडोलकर पाळीवर परतले. फौजदारही आले होते.

"मी मालवणचा," तेंडोलकर म्हणाले. "हेकरू ओळखायला मला वही लागत नाही. गोड्या पाण्यात तो जगत नाही, आणि इथून समुद्र शेकडो मैल. हा शाळेच्या बरणीतून आला. मास्तरांना तो कुठला ते ठाऊक होतं, ते त्याला तलावातला म्हणून कशाला ठेवतील? हे काम मासळीला कधी हात न लावणाऱ्याचं. त्याला सगळे मासे सारखेच. दुसऱ्या कुणा मासेमार धिवराकडून ताजा विकत घ्यावा, तर गावभर बोभाटा."

गुणवंतरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. "आम्ही माळकरी. मासळीतलं आमाले काय कळते?"

"तेच म्हणतो. किल्ली तुमच्याकडे. आणि औषधात वर्षं काढलेला मासा फडफडताना फक्त तुम्हीच पाहिलात."

फौजदार पुढे सरकले. गुणवंतराव मात्र हसले. "साग कोणं तोडला, ते सांगाले लच्छू आता कुठी आहे?"

मोघ्यांनी धोतराखालच्या लच्छूकडे पाहिलं. ते खरंच होतं.

शकुबाईनं नवऱ्याच्या तोंडावर धोतर नीट ओढलं आणि ती उठली.

"तुमी साग तोडला त्या राती याच्यासंगं डोंगा मीच वल्हवत होती, गुणवंतराव. तोडलेलं एकूण एक झाड मले ठाऊक आहे. साहेब, याले माती देऊ द्या, मंग मले कोर्टात न्या."