चौथ्या कोपऱ्यातली बाटली

केतकीचा यात सरळ फायदा होता: शैलामावशीचं जुनं सूक्ष्मदर्शक. अट एवढीच, की रविवारपर्यंत कोऱ्या कापडातली खळ आम्लाशिवाय साफ निघाली पाहिजे. गुंडूचा फायदा आणखी साधा होता. खळ निघणार नाही, अशी त्याची पैज होती; हरणाऱ्यानं बाटल्या घासायच्या होत्या, आणि त्याला त्या घासायच्या नव्हत्या.

इचलकरंजीत आता माग दुरुस्त करायला यंत्रमानव असत. गुंडू त्यांतलाच. निवृत्त होऊन मावशीच्या प्रयोगशाळेत आला, पण तोरा जॉबरचाच (माग जुळवणाऱ्या मिस्त्रीचाच).

मावशीचे जिवाणू पेजेत वाढत आणि अमायलेज (खळीतल्या पिष्टाचे तुकडे करणारं विकर) बनवत. ते कापडाला लावून वर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा पडला, तर खळ शिल्लक.

"एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा," गुंडू म्हणाला. "मागाचा नियम आहे."

केतकीनं ऊब वाढवली. थेंब आधीपेक्षा गडद पडला. ऊब पूर्ववत करून पेज घट्ट केली, तर त्याहून गडद.

"म्हणजे होतं तेच उत्तम," गुंडूनं बाटल्या तिच्याकडे सरकवल्या. "घासणी तिकडे आहे."

"मावशी, ऊब दिली तरी रुसतात, पेज जास्त वाढली तरी रुसतात. ह्यांना हवंय तरी काय?"

"त्यांनाच विचार. पण दोन्ही प्रश्न एकदम."

"मग कशामुळे काय झालं, ते कळणार कसं?"

मावशीनं टेबलावर खडूनं चौकोन काढला. गार-पातळ, गार-घट्ट, उबदार-पातळ, उबदार-घट्ट. "हा चौथा कोपरा तू पाहिलाच नाहीस. प्रत्येक कोपऱ्यात दोन बाटल्या ठेव. एकीचं नशीबही असू शकतं. दोघी एकच बोलल्या तर ऐकायचं. ही सांख्यिकीय प्रयोगरचना (कोणते प्रयोग, किती वेळा, हे गणितानं आधी ठरवणं)."

चौथ्या कोपऱ्यातल्या दोन्ही बाटल्यांचा थेंब तपकिरीच राहिला. खळ साफ. केतकी आणखीच गोंधळली.

"दोन वाईट गोष्टी मिळून चांगली कशी झाली?"

"उबेत ते काय करतात?"

"भराभर वाढतात. मग पातळ पेज... संपते. उपाशी राहतात."

"आणि गारव्यात घट्ट पेज?"

"भूकच नसते. शिवाय घट्ट पेजेत हवा नीट मिसळत नाही. उबेत ती सैल होते!"

"ही परस्परक्रिया (एका गोष्टीचा परिणाम दुसरीवर अवलंबून असणं)."

"मागावर असलं काही होत नाही," गुंडू कुरकुरला.

"माग जेवत नाही," मावशी म्हणाली.

केतकीनं चौथ्या कोपऱ्यापासून पुढे नवा, मोठा चौकोन आखला. कुणास ठाऊक, आणखी उबेत, आणखी घट्ट पेजेत काय दडलंय. गुंडूनं त्याचे कोपरे मोजले आणि घासणी उचलली.

सूक्ष्मदर्शक केतकीला मिळालं, स्वच्छ कापड मावशीला. विरजणापुरते चमचाभर जिवाणू केतकीनं बाजूला ठेवले आणि भिंगातून त्यांची धावपळ पाहत बसली. बाकीचे, विकर गाळून घेताना, गाळणीत अडकून संपले. दोघींच्या फायद्याची किंमत त्यांनी भरली, तीही नुसत्या पेजेवर.