सुनियनचं उतरतं ऊन

मालिनी लेले लुडविग्सहाफेनहून पहिल्या गाडीनं एर्लांगेनला आली आणि कोटसुद्धा न काढता तिनं वसुधाताईंच्या टेबलावर एक खोका ठेवला. आत तिच्या भावाचे बूट होते.

"मोहननं जीव दिला असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मला ते पटत नाही. पण बहिणीला काय, कधीच पटत नसतं. खरं काय ते शोधून द्या."

१९६२ सालचा ऑक्टोबर होता. वसुधा सबनीस या विद्यापीठाच्या इस्पितळात एक्स-रेच्या फिल्म्स वाचत आणि उरलेल्या वेळात आपल्या लोकांची कोडी सोडवत. आपल्या लोकांची कोडी जर्मन पोलिसांपुढे नेण्याजोगी नसतात. त्यात नात्यांचा गुंता फार. मदतीला दत्तात्रय गोगटे होता. तो पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करत होता, तरी दोन आणि दोन चार म्हणायला त्याला अंमळ वेळ लागे.

मालिनीनं हकीकत सांगितली. ईस्टरच्या सुट्टीत मोहन, त्याचा मित्र श्रीनाथ आणि श्रीनाथची वाग्दत्त वधू सुलेखा ग्रीसला गेले. गुरुवारी, बारा एप्रिलला त्यांनी एर्लांगेन सोडलं. अठराला ते अथेन्सहून पहाटेच्या बसनं सुनियनला पोचले, समुद्राच्या टोकावरचं पडकं देऊळ पाहिलं आणि दुपारी जवळच्या लाव्रियो या बंदराच्या गावी उतरले. संध्याकाळी कोळ्यांना मोहनचं प्रेत सापडलं. मनगटावरचं घड्याळ सहाला दहा कमी असताना थांबलं होतं.

"अंगावर कपडे?" वसुधाताईंनी विचारलं.

"शर्ट, पँट, सगळं. फक्त बूट किनाऱ्यावर होते. एक पाण्याशी, दुसरा पाच पावलं मागे. पोलिसांच्या कागदात तसं लिहिलंय. मी हात लावलेला नाही, आले तसेच आहेत."

वसुधाताईंनी बूट उचलून पाहिले. दोन्हींच्या नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. त्यांनी ते परत खोक्यात ठेवले.

मग मालिनीनं पर्समधून निळं एअरलेटर काढलं. हे तिच्या आईनं सांगलीहून मोहनला लिहिलेलं. वर शाईनं ‘चैत्र शु. ९’ आणि खाली: आत्ताच सुंठवडा वाटून लिहायला बसले. पुढे कागदाच्या तिन्ही घड्या भरून रागच राग: सहा वर्षं झाली, बाकीच्यांची मुलं पदव्या घेऊन घरी आली, तू आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.

श्रीनाथचं म्हणणं, मोहननं हे पत्र त्या दिवशी बसमध्ये वाचलं, त्याच्याकडे ठेवायला दिलं आणि मग दिवसभर तो बोललाच नाही. श्रीनाथनं ते मालिनीकडे पाठवलं, सांगलीलाही सविस्तर कळवलं. केवढा तो प्रामाणिकपणा!

"तेव्हापासून आईनं हातात पेन धरलेलं नाही," मालिनी म्हणाली. "माझ्या हातात विष आहे म्हणते. दिवाळीचं पत्रसुद्धा शेजारची मुलगी लिहिणार आहे."

दत्तूनं तिच्यासाठी कॉफी ओतली.

दुपारी दोघं सुलेखाकडे गेले. नोव्हेंबरात तिचं लग्न होतं. ती सरळ बोलत होती, पण पाठ केल्यासारखी. संध्याकाळी ती आणि श्रीनाथ पुन्हा बसनं देवळाकडे गेले होते, मोहन एकटाच गावात राहिला. हे ती एका दमात बोलून गेली. बाकीचं मात्र तिला विचार करून आठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात सगळे कागद तिनंच श्रीनाथला वाचून दाखवले, कारण त्याचा चष्मा हरवला होता. कुठे? आदल्या संध्याकाळी देवळाच्या दगडांत पडला, असं तो म्हणाला होता.

"असं तो म्हणाला," वसुधाताईंनी तेवढंच पुन्हा म्हटलं. सुलेखा खिडकीकडे बघू लागली.

श्रीनाथ त्याच घरात राहत होता जिथे मोहन राहायचा. घरमालकीण एक, टपालपेटीही एक. आता तो जर्मनांच्या भाषेत ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब झाला होता. ग्रीसहून परतल्यावर सहाव्या दिवशी त्यानं तोंडी परीक्षा दिली आणि ती उत्तम गुणांनी पार पडली. त्यानं मोठ्या अगत्यानं पडदे ओढून स्लाइड्स दाखवल्या. काचेच्या फ्रेममध्ये त्यानं त्या स्वतः बसवल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर.

एकविसाव्या स्लाइडमध्ये लाव्रियोच्या धक्क्यावर दुपारचं जेवण. फोटो मोहननं काढलेला. श्रीनाथ जाड चष्म्यातून माशाकडे संशयानं बघतोय, शेजारी सुलेखा, पिवळ्या साडीचा पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला.

सव्विसावी देवळाची. खांबांच्या मागे मुख्य भूमीकडून येणारा रस्ता, म्हणजे कॅमेरा उत्तरेला तोंड करून. ऊन डावीकडून तिरपं, सावल्या उजवीकडे लांब. मध्ये सुलेखा, पिवळा पदर उजव्या खांद्यावरून मागे वाऱ्यावर उडतोय.

"हीच ती संध्याकाळ," श्रीनाथ म्हणाला. "डावीकडे पश्चिम. गेनाऊ, अगदी बरोबर, सहाच्या आसपास. आम्ही सूर्यास्त बघत होतो आणि तिकडे तो..." त्यानं रुमाल काढला.

वसुधाताईंनी ती स्लाइड पुन्हा एकदा बघायला मागितली, बस्स.

बाहेर आल्यावर दत्तू म्हणाला, "ताई, माणूस दुःखी आहे हो."

"आहे ना. कशासाठी ते उद्या बघू."

रविवारी दुपारी त्याच खोलीत पाचजण बसले. मालिनी दाराजवळ, बुटांचा खोका मांडीवर. वसुधाताईंनी स्वतःच प्रोजेक्टर लावला आणि सव्विसावी स्लाइड पडद्यावर आणली.

"आमच्याकडे एक्स-रे हातात आला की आधी बघायचं, फिल्म सुलटी आहे ना. नाहीतर हृदय भलत्या बाजूला दिसतं. दत्तू, यात भलत्या बाजूला काय आहे?"

दत्तूनं देऊळ पाहिलं, रस्ता पाहिला. शेवटी म्हणाला, "पदर."

"पदर. सुलेखा, तू कधी उजव्या खांद्यावर पदर घेतेस?"

सुलेखानं मान हलवली. श्रीनाथ घाईनं म्हणाला की गुजराती बायका घेतात.

"त्यांचा उजव्या खांद्यावरून पुढे येतो. हा मागे गेलाय. तुम्ही फ्रेममध्ये फिल्म मुद्दाम उलटी बसवलीत आणि नंबर पुढचा घातलात, श्रीनाथ. साडी कधी नेसला नाहीत, म्हणून लक्षात आलं नाही." त्यांनी स्लाइड उलटी करून घातली. पदर डाव्या खांद्यावर आला आणि ऊन चित्राच्या उजवीकडे गेलं, पूर्वेला. "ही सकाळ आहे. पहाटेच्या बसनं आलात तेव्हाची. संध्याकाळी तुम्ही दोघं देवळात नव्हता."

सुलेखा हळू आवाजात म्हणाली, "मी खोलीत झोपले होते. हा म्हणाला, मीही गावात एकटाच फिरत होतो, पण पोलीस उगाच अडकवून ठेवतील, परीक्षा बुडेल. म्हणून मी हो म्हटलं."

वसुधाताई पुढे बोलत राहिल्या. देवळात सकाळीच गेले, मग चष्मा देवळात हरवेल कसा? दुपारी जेवताना तो नाकावर होता. म्हणजे गेला तो त्यानंतर, गावात. आणि मोहनचे बूट. पोहायला जाणारा घड्याळ आणि कपडे काढतो. जीव द्यायला जाणाऱ्याला कसली घाई नसते. नाड्या न सोडता, पळता पळता एक बूट इथे आणि एक तिथे झटकून माणूस पाण्यात शिरतो, तो दुसरं कुणी बुडत असलं तर.

"आणि त्या दिवशी समुद्रात चष्मा गमावलेला माणूस एकच आहे," त्या म्हणाल्या.

श्रीनाथनं नवा चष्मा काढून हातात धरला.

"खडकावरून पाय घसरला," तो म्हणाला. "मला पोहता येत नाही. त्यानं मला खडकावर ढकललं. मी वळून बघितलं तर दिसेना काहीच, सगळं धूसर. त्यानं दोनदा हाक मारली. मला वाटलं, येईल तो. कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस!"

"गाव किती लांब होतं?"

"शंभर पावलं."

"ओरडलात?"

श्रीनाथ चष्म्याची काच रुमालानं पुसू लागला.

"परतल्यावर सहाव्या दिवशी परीक्षा होती, म्हणून नंतरही लपवलंत," वसुधाताई म्हणाल्या. "मग इतका पट्टीचा पोहणारा बुडाला कसा, असं सांगलीहून विचारू लागले. तेव्हा तुम्हाला हे पत्र कामी आलं."

त्यांनी निळं पत्र मालिनीच्या हातात दिलं. "वरची तिथी वाच. चैत्र शुद्ध नवमी, रामनवमी, म्हणूनच सुंठवडा. यंदा ती तेरा एप्रिलला होती. आईनं सांगलीत हे लिहिलं त्याच्या आदल्या दिवशीच मोहन इथून निघाला होता. ग्रीसहून परतल्यावर ते यांना टपालपेटीत सापडलं. बंद. यांनी फोडलं, वाचलं आणि वापरलं. आईनं इंग्रजी तारीख घातली नव्हती, टपालाचा शिक्का पुसट आणि तिथी मोजायची यांना सवय नाही."

मालिनीनं पत्राची घडी पुन्हा पुन्हा घातली. "म्हणजे त्यानं हे वाचलंच नाही," ती म्हणाली. "सहा महिने माझी आई..."

दत्तू उसळून म्हणाला, पोलिसांत देऊ. वसुधाताईंनी मान हलवली. कोणत्या पुराव्यावर? तो ओरडला नाही हे पाहणारं तिथे कुणीच नव्हतं; एवढ्यावर खटला उभा राहत नाही, ग्रीसमध्ये नाही, इथेही नाही. याची पदवीही तशीच राहील.

मालिनी उठली. खोका तिनं टेबलावर ठेवला, बुटांशेजारी कोरं एअरलेटर आणि पेन.

"माझ्या आईला लिहा. तुम्हाला कुणी ढकललं, हाक किती वेळा आली, गाव किती पावलांवर होतं, सगळं. पुन्हा रडेल ती. पण स्वतःला दोष देणार नाही. आणि वर तिच्यासारखी तिथी घाला."

श्रीनाथनं पेन उचललं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर ते तसंच थांबलं. त्यानं सवयीनं सुलेखाकडे पाहिलं, पोलीस ठाण्यात पाहिलं असेल तसंच.

"काल कोजागिरी झाली," सुलेखा म्हणाली. "अश्विन वद्य प्रतिपदा."

तो ते लिहून घेत होता तेवढ्यात तिनं बोटातली अंगठी काढून पेनाच्या टोपणाशेजारी ठेवली, कोट घातला आणि मालिनीबरोबर जिना उतरली.