लाल तार

मशीन दुरुस्त करायला आलेल्या तिच्यासाठी काम तसं साधं होतं. कापडावर छपाई करणाऱ्या मोठ्या डिजिटल मशीनचं कंट्रोल कार्ड बदलायचं, चाचणीची पट्टी छापून बघायची आणि चहा पिऊन निघायचं. भर दुपार होती. पण त्या खोलीला खिडकी नव्हती, आणि शाईचा ओला, गोडसर वास घशात बसत होता.

"कार्डच गेलंय," मॅनेजर बोटातली जाड अंगठी फिरवत म्हणाला.

तिने पट्टी पाहिली. बारीक रेघांच्या मधोमध हाताचा कोरा पंजा. बोटं पसरलेली.

"हे कार्डचं काम नाही, साहेब."

"मॅडम, तुम्ही कार्ड बदला. भुताखेतांचं आम्ही बघू!" तो हसला आणि गेला. मशीन चालवणारे ऑपरेटरकाका तिथेच उभे होते, ते हसले नाहीत.

मेन स्विच बंद करून तिने जुनं कार्ड काढलं. तेव्हा ती दिसली... दाराच्या सेफ्टी स्विचला मारलेली लाल तार. दार उघडं असलं तरी मशीन चालत राहावं म्हणून.

"काका, हे काय?"

"दार उघडलं की मशीन थांबायचं. साहेबांना खपेना." काकांनी मशीनच्या आत बोट दाखवलं. "धाकटा भाऊ माझा... आत हात घालून कापडाची सुरकुती काढत होता, मशीनने पंजा चिरडला. आता त्याच्या जागी मी."

सर्रर्र...

आत शाई सोडणाऱ्या हेडची गाडी सरकली. मेन स्विच बंद. जुनं कार्ड तिच्या मांडीवर, नवं खोक्यात. तरी पट्टी बाहेर आली. पंजा.

 तिच्या डोक्यात तिडीक उठली. तिने तार उपटली, नवं कार्ड बसवलं, मशीन सुरू केलं. पट्टी स्वच्छ.

मॅनेजर परतला. "तार कुठंय? लावा. नाहीतर तुमच्या ऑफिसला फोन करतो."

"करा. नंबर सांगू? मी लावणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. काकांचा हात जाण्यापेक्षा बरं."

त्याने स्वतःच तार जोडली. सर्रर्र... पुन्हा पंजा. पण हा वेगळा होता, जाडजूड. एका बोटावर तेवढी आडवी रेघ उमटली होती, अंगठीएवढी.

तिने पक्कड काकांपुढे धरली. "कापा."

काकांनी तार कापली.  मॅनेजर अंगठी ओढत होता, निघत नव्हती. शाईला त्याने हातही लावला नव्हता. तरी अंगठीखालून काळी शाई झिरपत होती... थेंब थेंब.