सारख्या वळणाची वाक्यं

अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या डुलूथ शहरातल्या वाचनालयात प्रवेशपरीक्षेच्या तयारीचं एकच पुस्तक उरलं होतं, आणि त्यावर आम्हा दोघांचे हात एकदमच पडले.

"तू घे," तो म्हणाला. "मी तसाही नापासच होणार."

उघडून पाहिलं, तर कुणा महाभागानं सगळ्या उत्तरांभोवती पेनानं गोल करून ठेवलेले! दोघांनाही हसू फुटलं. त्याचं नाव एमेट. चांगले गुण मिळाले, तर तो दूर ऑरेगनला शिकायला जाणार होता. मी नुसती हौस म्हणून परीक्षा देणार होते. आजारी आईला सोडून मी कुठं जाणार?

पुस्तक कामातून गेलेलं, म्हणून प्रश्न आम्हीच रचू लागलो. एमेटचं घोडं एकाच जागी अडायचं... यादीतले सगळे शब्द एकाच वळणाचे हवेत, हे त्याला उमगेना.

"एमेटला पोहणं, झोपणं आणि चिडवायला आवडतं," मी म्हणाले. "चूक शोध."

"चूक कसली? सगळं खरं आहे की!"

"अरे गाढवा, पोहणं, झोपणं, मग—"

"चिडवणं... तुला?"

माझे कान तापले. मी खिडकीबाहेर सरोवरावरचं धुकं बघत बसले.

"मोठ्यानं म्हणून बघत जा," मी शेवटी म्हणाले. "चूक असेल तर कानाला खटकतं."

परीक्षेच्या तोंडावर त्यानं स्वतः एक वाक्य रचलं. "बर्फ पडतो, साचतो आणि वितळणं. सिग्ने, आता जमलं ना?"

नुसती मान डोलावली असती, तर... तर तो इथंच राहिला असता. पुढचा हिवाळाभर माझ्यासमोर बसला असता. मला तेच हवं होतं.

"नाही जमलं," मी म्हणाले. "पुन्हा बघ."

त्याला हवे तेवढे गुण मिळाले.

त्याला निरोप द्यायला बसथांब्यावर गेले, तेव्हा भुरभुर पाऊस होता. बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "बर्फाचं ते वाक्य... मी मुद्दाम चुकवलं होतं."

"काय?"

"तू 'जमलं' म्हणाली असतीस, तर परीक्षेतही चुकवलं असतं. तू नाही म्हणालीस, तेव्हा वाटलं, तुला मी नकोच आहे."

"वेड्या, हवा होतास म्हणून तर..." त्यानं माझे गार हात घट्ट धरले.

"मग आता तरी थांब म्हण."

"जा," मी म्हणाले.

बस वळणाआड गेली. मग मी मोठ्यानं म्हणून पाहिलं— थांब. कानाला मुळीच खटकलं नाही.