एक घर अलीकडे

सन २०४९. गडहिंग्लजच्या शलाका देसाईला ऑनलाइन बुद्धिबळात इस्माईलकाकांनी सलग तेवीस डाव हरवलं होतं. मिरजेचे इस्माईल मुजावर आणि अकरा वर्षांची शलाका यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी पडद्यावर भेटायचं, खेळायचं, चार ओळी लिहायच्या, एवढीच ओळख.

चोविसाव्या डावात मात्र विचित्रच घडलं. शलाकाचा हत्ती उघडा पडला होता, त्याच्या राखणीला कोणी नव्हतं. काकांचा वजीर त्याच्याकडे निघाला आणि एक घर अलीकडेच थांबला. थेट तिच्या प्याद्याच्या तिरक्या माऱ्यात!

एवढा मुरलेला खेळाडू वजीर असा फुकट देईल?

तेवढ्यात पडद्यावर चौकट उमटली, ‘प्रतिस्पर्ध्याला खेळी परत घ्यायची आहे. परवानगी?’

शलाकानं ‘नाही’ दाबलं आणि वजीर मारला. काकांनी डाव सोडला. खाली लिहिलं, “अभिनंदन, पोरी.”

ती नाचतच आजोबांकडे गेली. तिचे आजोबा, सगळ्यांचे तात्या, वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूचं शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी संपलेला डाव नीट पाहिला.

“जिंकलीस, छान. पण त्यांनी वजीर तिथं का ठेवला?”

“चुकले असतील.”

“चुका दोन तऱ्हेच्या असतात. हात पुढे कर. ते पेन उचल.”

शलाकानं पेन उचललं.

“आधी मेंदूनं ठरवलं. मग चेतांमधून (मेंदूचे निरोप नेणाऱ्या धाग्यांमधून) निरोप गेला. मग स्नायू हलले. ठरवणं वेगळं, करणं वेगळं. ठरवण्यात चूक झाली तर ती खेळातली चूक. पण ठरवलं बरोबर आणि वाटेत निरोप बिघडला, तर? पडद्याला दोन्ही सारखंच दिसतं. त्याला फक्त बोट कुठं टेकलं ते कळतं.”

“मग मला कसं कळणार?”

“विचारायचं.”

शलाकानं लिहिलं, “काका, वजीर तिथं का ठेवलात?”

काकांचं उत्तर आलं, “मी नाही ठेवला, हातानं ठेवला. कारखान्यात माझा उजवा हात गेला. दोन महिन्यांपूर्वी कृत्रिम हात बसवलाय. सराव व्हावा म्हणून आजपासून मुद्दाम त्याच हातानं खेळतोय. सांगायला लाज वाटली.”

शलाकानं तो निरोप तात्यांना दाखवला. तात्यांनी तिला जवळ बसवलं.

“या हातात संवेदक असतात (बारीक बदल ओळखणारे भाग). उरलेल्या स्नायूंमधली अगदी किंचित वीज ते ओळखतात आणि त्यावरून माणसाला काय करायचंय याचा अंदाज बांधतात. सुरुवातीला अंदाज चुकतो. ‘हे चुकलं’ असं सांगितलं, की हात शिकतो.”

“कोण सांगतं त्याला?”

हा प्रश्न तिनं काकांनाच पाठवला. त्यांनी लिहिलं, “तो खेळाला जोडलेला आहे. खेळी मागे घेतली, की ती हालचाल चूक म्हणून नोंदतो. नाही घेतली, की बरोबर.”

“म्हणजे माझ्यामुळे तो चुकीचं शिकला!” शलाकानं लिहिलं.

“तुझा काय दोष? न सांगता मागणारा मी. नाही म्हणायचा हक्क तुला होताच.”

“ते खरं आहे,” तात्या म्हणाले. “स्पर्धेत खेळी परत मिळतच नाही. मैत्रीच्या डावात एकदा विचारावं, कारण सांगावं, नकार आला तर मुकाट्यानं खेळावं. आणि विचारायचं ते समोरच्यानं आपली खेळी करण्याआधी. त्याची खेळी पाहिल्यावर आपल्याला जास्तीची माहिती मिळालेली असते. मग परत घेणं न्यायाचं राहत नाही.”

शलाकानं डाव पुन्हा उघडून वजिराच्या खेळीपाशी आणला. “काका, परवानगी दिलीय. हाताला सांगा, ते चुकलं होतं.”

वजीर मागे गेला. मग हळूहळू, थरथरत निघाला आणि नेमका हत्तीवर जाऊन बसला. तिचा पहिला विजय पुसला गेला. तरी ती खेळत राहिली. त्यानंतरच्या पंधराव्या खेळीला तिनं घोडा भलत्याच घरात टाकला.

काकांनी लगेच लिहिलं, “हात घसरला का? घे परत.”

शलाकाचं बोट ‘खेळी परत घ्या’कडे गेलं. तिनं ते न दाबताच मागे घेतलं.

“नको काका. मी विचार करूनच खेळले. विचारच चुकला.”

ती हरली. तात्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं काकांचा निरोप आला, “पुढच्या महिन्यात मिरजेत समोरासमोरची स्पर्धा आहे. नाव द्यावं की नाही, अजून ठरत नव्हतं. आज दिलं. तोवर माझ्या हातासाठी रोज एक डाव खेळशील?”

शलाकानं पट पुन्हा मांडला आणि लिहिलं, “रोज दोन. एक तुमच्या हातासाठी, एक माझ्या डोक्यासाठी.”