गढूळ बाटली

"कोणाला विचारून पाणी नेताय?"

पाटाच्या तोंडाशी वाकलेल्या मुलीने मान वर केली नाही. "पाण्यालाच विचारलं," ती म्हणाली. "ते काही बोललं नाही. म्हटलं, हरकत नसावी."

एलमेर त्या वर्षी यानारुरी गावाचा पाटकरी होता. कोणाच्या बटाट्याला कधी पाणी सोडायचं ते तो ठरवायचा, आणि हातात गावाने दिलेली मानाची काठी असली की म्हातारीकोतारीसुद्धा त्याच्याशी जपून बोलायची. त्याने काठी आपटली. तिने वर पाहिलं... आणि गडी पुढचं बोलणं विसरला.

ती नेलिदा, वाराझ शहरातल्या प्रयोगशाळेतली इंजिनियर. डोंगरावरचं बर्फ मागे हटून काळे खडक उघडे पडले, त्यांतलं लोखंड आणि शिसं पाण्यात उतरलं, तशी गावची नदी तांबडी झाली होती. मेंढ्याही तोंड लावेनात. नेलिदाच्या आराखड्यावरून गावाने लव्हाळ्याची तळी खणली, नदीचं पाणी त्यांतून फिरून पाटात येऊ लागलं. हे झालं तेव्हा एलमेर समुद्रकिनारी उसाच्या मळ्यात राबत होता. घरी आला, तो आयतं स्वच्छ पाणी आणि आयती काठी हाती पडली.

ती दर महिन्याला तपासणीसाठी तळ्यांचं पाणी बाटल्यांत भरून न्यायला यायची. बाटली कशी धरायची ते तिने त्याला शिकवलं — तोंड प्रवाहाकडे, पायाने तळ ढवळायचा नाही. शिकवताना तिने त्याचं मनगट जरा वळवलं. ते मनगट त्याने संध्याकाळपर्यंत धुतलं नाही.

"पाण्यातलं शिसं जातं कुठे, इंजिनियरबाई?"

"जात नाही. गाळाला चिकटून बसतं, लव्हाळ्याच्या मुळांना बिलगतं. गाळ निवांत, तोवर तेही निवांत."

"आणि गाळ ढवळला तर?"

"तर गाळाबरोबर तेही वर येतं. अशी बाटली भरली आणि आम्ही तिच्यात आम्ल टाकलं, की चिकटलेलं सगळं सुटतं. मग शिशाचा आकडा बघायला नको."

"म्हणजे चिकटलेल्याला छेडू नये."

"पाटकरी," ती हसू दाबत म्हणाली, "तुमचं लक्ष बाटलीकडे असू द्या."

बटाट्याला फुलं धरायच्या दिवसांत ती सहज बोलून गेली, "या खेपेलाही आकडे चांगले आले, की माझं इथलं काम संपलं."

तेवढ्यात गारा पडू लागल्या. ती पत्र्याखाली धावली, आणि तिथूनच म्हणाली, तेवढी शेवटची बाटली तुम्ही भरा ना.

तो तळ्यात उतरला. गार पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती ओल्या वेणीतल्या गारा झटकत होती. आणि त्याने पायाने तळाचा गाळ ढवळला.

"गढूळ दिसतंय," बाटली उजेडात धरून ती म्हणाली.

"गारांनी झालं असेल..."

ती क्षणभर थांबली. मग तिने झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यातच ती परत आली. एलमेर धावत वर तळ्यांपाशी गेला, पण तिचे डोळे सुजलेले होते. आकडा भलताच चढला होता. गावच्या अध्यक्ष फेलिसितासकाकूंनी सभा बोलावली होती. पाट बंद करायचा, तळी बुजवायची.

"बटाटे आत्ता फुलावर आलेत," नेलिदा म्हणाली. "पाणी तोडलं तर वर्ष गेलं. आणि मी यांच्या पोरांना काय पाजलं, देव जाणे."

एलमेरला तिच्याकडे बघवेना. तिला भेटायच्या लोभापायी त्याने तिची तळी खोटी पाडली होती, आणि अख्ख्या गावाचं पीक पणाला लावलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

सभेत हात वर होऊ लागले तेव्हा तो उठला. टोपी काढली.

"तळी खरी आहेत. गाळ मी ढवळला."

"कशाला रे?" फेलिसितासकाकूंनी विचारलं.

"त्यांचं काम संपू नये म्हणून."

बायकांच्या रांगेतून खुदखुद सुरू झाली.

"अरे मेल्या," काकू म्हणाल्या, "मुलगी आवडली तर आपल्याकडची पोरं तिच्या पायाशी बारीक खडा टाकतात. तुझ्या बापानेही तेच केलं होतं. तुला अख्खं तळं लागलं?"

हशा पिकला. हसण्याचं एलमेरला काही वाटलं नाही, पण नेलिदा हसली नव्हती. ती मान खाली घालून बसली होती, लालेलाल. सभेने त्याची काठी काढून घेतली आणि वर्षभर एकट्याने पाट साफ करायचा दंड ठोठावला. नेलिदाने सगळ्यांसमोर नव्या बाटल्या भरल्या आणि त्याच्याशी एक अक्षर न बोलता ती निघून गेली.

आकडे चांगले आले. पाट वाहता राहिला. ही बातमी एलमेरला इतरांकडून कळली, आणि तेच योग्य झालं असं त्याला वाटलं. तोंड दाखवायची त्याची लायकी उरली नव्हती.

एका सकाळी तो पाटाच्या वरच्या टोकाला गाळ उपसत होता. काठावर पावलं थांबली. त्याने वर पाहिलं नाही.

"मला माफ करा, इंजिनियरबाई."

"बाटली गढूळ आहे, हे मला दिसलं होतं," ती म्हणाली.

त्याचं खोरं थांबलं.

"मी ती ओतून द्यायला हवी होती. पहिल्याच वर्षी शिकवतात. पण मनात आलं... आकडा बिघडला तर मला परत यावं लागेल. तुम्ही उठून सांगितलंत. मी गप्प बसले. सगळे तुम्हाला हसत होते, आणि मी गप्प बसले, एलमेर."

तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. तो हळूच म्हणाला, "मग आता?"

"आता प्रयोगशाळेतही सांगितलं, आणि काल काकूंनाही सांगितलं. त्या हसल्या नाहीत." तिने पाठीमागचा हात पुढे केला, हातात खोरं होतं. "मलाही दंड झालाय, रविवारी रविवारी पाट साफ करायचा. तुम्ही वरून, मी खालच्या टोकापासून, असं बजावलंय त्यांनी."

एलमेरने पाटाकडे पाहिलं. खालचं टोक दूर दरीत, कोसभर लांब होतं.

"हे वरचं टोक आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि बूट काढून पाण्यात उतरली.